परमुलखातील रहिवाशांचे राजकारण व मताधिकार (नांदेड–लातूर)

आपल्या मूळ प्रदेशाबाहेर राहणाऱ्या व्यक्तींनी मूळ प्रदेशाच्या किंवा वास्तव्याच्या प्रदेशाच्या राजकारणात घेतलेला भाग आणि ह्या दोहोंपैकी एखाद्या ठिकाणी त्यांना मिळालेला वा नाकारला गेलेला मताधिकार, हा आधुनिक राज्यव्यवस्थेतील एक वादाचा विषय आहे. त्याची चर्चा बहुधा परदेशस्थ नागरिकांपुरती केली जाते. तथापि मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागात, म्हणजे आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या परिसरात, हा प्रश्न परदेशगमनाच्या कितीतरी आधी उपस्थित झाला. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात किंवा बालाघाटाचे पठार उतरून बार्शीस जाणारा मनुष्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. ही सीमा ओलांडणे हे कधी राजकारण करण्याचे साधन ठरले, तर कधी हक्क गमावण्याचे कारण. ह्या दोन्ही गोष्टींचा अनुभव ह्या परिसरातील लोकांनी निरनिराळ्या काळांत घेतला आहे.

प्रशासकीय सीमा येथे वारंवार बदलल्या, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. नांदेड हा संस्थानातील मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांपैकी एक होता. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण व व्यापारपेठ होती. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता.

मुलकी व गैरमुलकी : संस्थानातील रहिवाशांची ‘मुलकी’ (मुलखातील) आणि ‘गैरमुलकी’ (मुलखाबाहेरील) अशी विभागणी प्रथम नोकऱ्यांच्या संदर्भात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर सालारजंग यांच्या कारभारसुधारणेसाठी उत्तर हिंदुस्थान, मद्रास व मुंबई इलाख्यांतून अधिकारी आणले गेले. त्यांच्याविषयी स्थानिक उमरावांत व सुशिक्षितांत असंतोष वाढत गेला. विसाव्या शतकात नियमांना निश्चित रूप मिळाले. त्यांनुसार जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला मनुष्य मुलकी होय. बाहेरून आलेल्यास ते स्थान मिळविण्यासाठी किमान १५ वर्षांचे कायम वास्तव्य दाखवावे लागे. शिवाय पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर करून द्यावे लागे. मराठीत महसुली कामकाजास ‘मुलकी’ म्हणण्याची रीत आहे. तिचा ह्या अर्थाशी घोटाळा करू नये.

ह्या नियमातील दुसरी अट विशेष लक्षणीय आहे. वर्षे मोजणे सोपे. परंतु परत जाण्याचा विचार मनुष्याने सोडला की नाही, हे कागदावर ठरविण्याचा तो प्रयत्न होता. मूळ गावाशी नाते ठेवून दुसरीकडे राहणाऱ्या माणसास त्यात जागा नव्हती. १९३० नंतरच्या दशकात ‘हैदराबाद हैदराबादकरांचे’ अशी भूमिका घेणारी निजाम प्रजा संघासारखी संघटना निघाली व तिच्यात हिंदू-मुसलमान दोघेही होते. मात्र मुलकी ठरलेल्या माणसासही मताधिकार नव्हता. नोकरीपुरता तो मुलखातला आणि राज्यकारभारात मात्र परका, अशी ही स्थिती होती.

ह्या संदर्भात पैनगंगा नदीचे उदाहरण बोलके आहे. नदीच्या दक्षिणेस नांदेड जिल्ह्यातील हदगाव आणि उत्तरेस वऱ्हाडातील उमरखेड. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता, पण त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य केले जात असे. निजामाच्या युवराजास १९३६ पासून ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही होता. असे असूनही १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ मध्ये झालेल्या निवडणुकीत उमरखेडच्या करदात्या शेतकऱ्याने मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळासाठी मत दिले. त्याच्या पैलतीरावरील हदगावच्या सोयऱ्यास मत म्हणजे काय, हे फक्त ऐकून माहीत होते. एकाच राजाच्या नावाखालील दोन तीरांवर असा भेद होता. तो मताधिकार मालमत्तेवर व शिक्षणावर आधारलेला असल्याने बहुसंख्य वऱ्हाडकरही त्यातून वगळले गेले होते, हे खरे. तरीही मतपेटी नदीपर्यंत येऊन पोहोचली होती.

राज्याबाहेरील राजकारण : संस्थानात सभाबंदी कडक होती. ‘गश्ती निशाण ५३’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमानुसार सभा भरविण्यास पूर्वपरवानगी लागे. परिणामी हैदराबादच्या प्रजेच्या पहिल्या राजकीय परिषदा हैदराबादेत भरल्याच नाहीत. त्या काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१) येथे भरल्या. संस्थानातून गेलेले प्रतिनिधी आणि शिक्षण-व्यवसायासाठी बाहेर स्थायिक झालेले हैदराबादकर तेथे एकत्र येत. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणारे ठराव असे परमुलखात झाले. वृत्तपत्रांचीही तीच गत होती. आ. कृ. वाघमारे यांचे मराठवाडा हे साप्ताहिक संस्थानाबाहेर छापले जाई. त्यावर बंदी येताच ते दुसरे नाव धारण करून पुन्हा संस्थानात येत असे.

सांस्कृतिक स्वरूपाच्या संघटनेस मात्र काहीसा वाव होता. महाराष्ट्र परिषदेची स्थापना ह्याच वाटेने झाली. तिची अधिवेशने परतूर (१९३७), लातूर (१९३८) व उमरी (१९४१) अशा गावांत भरली. त्यांपैकी लातूर व उमरी ही ह्या लेखाच्या परिसरातील होत. लातूरचे महत्त्व त्याच्या बाजारपेठेमुळे होतेच. शिवाय बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९११ मध्ये तेथवर आल्यामुळे लातूरचा माल, माणसे व वर्तमानपत्रे थेट मुंबई इलाख्यात ये-जा करू लागली होती. नांदेडला मनमाड–हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास मिळाला. त्याचेही पश्चिमेकडील टोक ब्रिटिश हद्दीत होते. पुढे लढ्याच्या काळात बार्शी व मनमाड ही दोन्ही ठिकाणे आंदोलकांची केंद्रे बनली, हा केवळ योगायोग नव्हे.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या स्थापनेची घोषणा झाली आणि ती रीतसर अस्तित्वात येण्यापूर्वीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी घालण्यात आली. बाहेरील राजकीय संघटनेशी असलेले तिचे नाते हा सरकारच्या आक्षेपांपैकी एक होता. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला व दोन महिन्यांनी तो स्थगित करण्यात आला. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांनी स्वतंत्र सत्याग्रह केले. आर्य समाजाच्या सत्याग्रहाचे केंद्र सोलापूर हे होते. पंजाब, संयुक्त प्रांत, वऱ्हाड, महाराष्ट्र अशा दूरदूरच्या भागांतून हजारो सत्याग्रही संस्थानात शिरून तुरुंगात गेले. उदगीरचे भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. उदगीर–लातूर भागात आर्य समाजाचे बळ वाढण्यास ही घटना कारणीभूत झाली. आंदोलक परप्रांतीय आहेत, असा प्रचार सरकारकडून होत असे. आकड्यांच्या दृष्टीने आर्य समाजाच्या सत्याग्रहाबाबत त्यात तथ्य होते. परंतु संस्थानातील लोकांना बोलण्याची मोकळीक ठेवली असती, तर बाहेरच्यांना येण्याचे फारसे कारणच उरले नसते, हा त्यावरील प्रतिवादही तितकाच बिनतोड होता.

स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांचे चरित्र ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांचे शिक्षण सोलापूर, अमळनेर व पुणे येथे, म्हणजे ब्रिटिश हद्दीत झाले. १९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. कन्नड भाषक घराण्यातील हा संन्यासी मराठवाड्याचा सर्वमान्य नेता झाला. १९५२ मध्ये ते गुलबर्गा मतदारसंघातून आणि १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मुलकी नियमांची फूटपट्टी लोकांनी नेतृत्वास लावली नाही, असाच ह्याचा अर्थ होतो.

संस्थानातील घटनात्मक सुधारणांची घोषणा जुलै १९३९ मध्ये झाली. तीत प्रादेशिक मतदारसंघांऐवजी व्यवसायगटांनुसार प्रतिनिधित्व व हिंदू-मुसलमानांना समसमान जागा अशी योजना होती. शेतकरी कोणत्या गावचा, ह्यापेक्षा तो कोणत्या धंद्याचा, हे तीत महत्त्वाचे होते. स्टेट काँग्रेसने ती अपुरी मानली. युद्धामुळे तिची अंमलबजावणीही लांबणीवर पडली.

सीमेवरील शिबिरे : स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. ७ ऑगस्ट १९४७ पासून भारतात विलीन होण्याचे आंदोलन सुरू झाले आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. त्यानंतर लढ्याची सूत्रे संस्थानाबाहेर गेलेल्या कृती समितीकडे आली. नांदेड जिल्ह्यातील भोकरचे वकील दिगंबरराव बिंदू हे तिचे अध्यक्ष होते. गोविंदभाई श्रॉफ हे तिच्यातील एक प्रमुख सभासद. सोलापूर, मनमाड, गदग, विजयवाडा येथे कचेऱ्या उघडण्यात आल्या आणि सरहद्दीलगत शिबिरांची रांग उभी राहिली. नांदेडकरांचे मुख्य आश्रयस्थान उमरखेड हे होते. लातूर–उस्मानाबादकडील लोक बार्शी व सोलापूरकडे जात. रझाकारांच्या अत्याचारांमुळे घरदार सोडून गेलेली कुटुंबे ह्याच वाटांनी बाहेर पडली. त्यांच्या राहण्याखाण्याची व्यवस्था सीमेपलीकडील गावांनी केली आणि त्या गावांतील तरुणही शिबिरांत दाखल झाले.

ह्या शिबिरांतून करोडगिरी नाक्यांवर, पोलीस ठाण्यांवर व रझाकारांच्या तळांवर हल्ले होत. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील बँकेवर झालेला हल्ला हा त्यांतील सर्वांत गाजलेला. तेथे मिळालेली रक्कम लढ्याच्या कामी आली. गांधीजींची हत्या झाली तो हाच दिवस असल्याने ह्या घटनेस त्या वेळी वृत्तपत्रांत फारशी जागा मिळाली नसावी. शिबिरातील माणूस कायद्याच्या भाषेत कोठलाच रहिवासी नव्हता : संस्थानाच्या दृष्टीने तो फरारी, तर भारतीय संघराज्याच्या दृष्टीने पाहुणा. तथापि मराठवाड्याच्या राजकारणाची सर्वांत निर्णायक अशी तेरा महिने त्यानेच चालविली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ही माणसे आपापल्या गावी परतली.

ह्याच आठवड्यांत उलट दिशेचे स्थलांतरही सुरू झाले आणि त्याचा उल्लेख टाळून ह्या परिसराचा इतिहास पुरा होत नाही. कारवाईनंतरच्या हिंसाचारात मुसलमान वस्त्यांची मोठी हानी झाली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित ठरविले. त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूरचाही तीत निर्देश आहे. संस्थानभर मृत्यू पावलेल्यांची संख्या २७ ते ४० हजार असावी, असा समितीचा अंदाज होता. तिचा अहवाल दीर्घ काळ अप्रकाशित राहिला. अनेक कुटुंबे हैदराबाद शहरात गेली आणि काही पाकिस्तानात. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतर केलेल्यास संविधानाच्या सातव्या अनुच्छेदान्वये भारताचे नागरिकत्व उरले नाही. परत येऊन पुनर्वसनाचा परवाना मिळविणारा तेवढा त्यास अपवाद होता. एका सीमेपलीकडे गेलेला मनुष्य स्वातंत्र्यसैनिक म्हणून परतला, तर दुसऱ्या सीमेपलीकडे गेलेल्याचे नाव मतदारयादीत येण्यापूर्वीच गळाले. पहिल्याची नोंद सत्कारपत्रांत सापडते. दुसऱ्याची नोंद बहुधा गावातील पडक्या वाड्याच्या मालकीसंबंधीच्या कागदांत तेवढी राहिली.

प्रौढ मताधिकार व ‘सामान्य निवास’ : भारताच्या मतदारयाद्यांची पूर्वतयारी १९४८ च्या मार्चमध्ये सुरू झाली. तीत एका वर्षात किमान १८० दिवसांच्या वास्तव्याची अट होती. मात्र फाळणीमुळे विस्थापित झालेल्यांस ती लावू नये. आपण येथे कायम राहू इच्छितो, एवढे त्यांनी लिहून दिले तरी पुरे, असा निर्णय संविधान सभेच्या सचिवालयाने घेतला. मुलकी नियमांनी पंधरा वर्षे मागितली होती. नव्या राज्याने निर्वासिताकडून फक्त इरादा मागितला. हैदराबादने २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने भारताचे संविधान स्वीकारले व १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाड्यातील प्रौढ स्त्री-पुरुषांनी प्रथमच मतदान केले. मार्च १९५२ मध्ये अधिकारावर आलेल्या बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात बिंदू गृहमंत्री झाले. चार वर्षांपूर्वी सीमेबाहेरून ज्या पोलीस ठाण्यांवर हल्ले होत होते, त्यांचा कारभार आता त्यांच्याकडे आला.

मुलकीचा प्रश्न मात्र संपला नाही. पोलीस कारवाईनंतर मद्रास व मुंबईकडील अधिकारी मोठ्या संख्येने आले, तेव्हा तो पुन्हा उफाळला. १९५२ च्या मुलकी आंदोलनाचा जोर तेलंगणात होता. मराठवाड्यात ह्या अटीचा शेवट १९५७ च्या केंद्रीय कायद्याने झाला. १९५९ मध्ये तो अंमलात येऊन शासकीय नोकरीसाठी वास्तव्याची अट, तेलंगणासारखे काही अपवाद वगळता, रद्द करण्यात आली.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वेळी मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे तसेच देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल मंडळे नांदेडहून आंध्र प्रदेशात गेली. उलट किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादहून नांदेडमध्ये आले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. ह्या वाटणीत माणसे जागची हलली नाहीत. राज्येच त्यांच्यावरून सरकली. तिचे अवशेष अजून दिसतात. जुन्या राजुरा तालुक्यातील, आता जिवती तालुक्यात असलेल्या चौदा गावांवर महाराष्ट्र व पूर्वीचा आंध्र प्रदेश (२०१४ पासून तेलंगणा) अशा दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील रहिवाशांकडे दोन्हीकडच्या शिधापत्रिका होत्या आणि दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत त्यांची नावे होती. एकाहून अधिक मतदारसंघांत नाव असू नये, असा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा दंडक आहे. पण येथे दुहेरी नोंदणी लबाडीतून उद्भवली नव्हती. ती दोन सरकारांनी स्वतंत्रपणे केलेली होती. नांदेडच्या धर्माबाद, देगलूर भागातील काही गावांनी तेलंगणातील शेतकरी योजनांकडे बोट दाखवून तिकडे जाण्याची भाषा वेळोवेळी केली, तिचेही मूळ ह्याच जुन्या शेजारात आहे. भारत राष्ट्र समिती ह्या तेलंगणातील पक्षाने ५ फेब्रुवारी २०२३ रोजी नांदेड येथे घेतलेल्या सभेस ह्याच नात्याचा आधार होता.

नांदेडमध्ये परमुलखाचा आवाज आणखी एका मार्गाने कायद्यात शिरला आहे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंग यांनी १८३२–३७ च्या दरम्यान येथील गुरुद्वाराची इमारत बांधविली. त्या कामासाठी व दिवाण चंदूलाल यांच्या फौजेत आलेले शीख येथेच स्थायिक झाले व ‘दखनी शीख’ म्हणून ओळखले जाऊ लागले. हैदराबाद विधानसभेने आपल्या अखेरच्या वर्षी, १९५६ मध्ये, तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिबसंबंधीचा कायदा केला. त्यानुसार स्थापन झालेल्या मंडळात मराठवाड्यातील शीख मतदारांनी निवडून दिलेल्या सदस्यांबरोबर अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे नामनिर्देशित सदस्यही असत. पूजास्थान नांदेडचे, परंतु त्याच्या कारभाराविषयी बोलण्याचा हक्क दूरच्या समाजासही आहे, हे तत्त्व येथे लेखी मान्य झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासननियुक्त सदस्यांची संख्या वाढविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यास विरोध नांदेडप्रमाणे पंजाबातूनही झाला.

हंगामी स्थलांतर : १९७२ च्या दुष्काळानंतर ह्या परिसरातून बाहेर जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पुणे, मुंबई व हैदराबाद येथे कायमचे गेलेल्यांचा विचार वेगळा. त्यांच्यातील अनेकांची नावे गावच्या यादीत राहतात आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उमेदवार त्यांना गाडी पाठवून आणवितात. मतदारांची वाहनांतून फुकट ने-आण करणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्टाचार ठरतो. तथापि गावकी ही गोष्ट पाहुण्यास न्यायला आल्यासारखी मानते.

अधिक बिकट प्रश्न हंगामी कामगारांचा आहे. जळकोट, अहमदपूर, कंधार, लोहा, मुखेड ह्या डोंगराळ व कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. लातूर जिल्ह्यात स्वतःचे साखर कारखाने असूनही त्याच जिल्ह्यातून माणसे इतरत्र तोडीला जातात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना फडातून हलता येत नाही.

कायद्याने त्यांचा हक्क काढून घेतलेला नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. १८० दिवसांची जुनी अट पुढे वगळण्यात आली आणि मनुष्य तात्पुरता गावाबाहेर गेला म्हणून त्याचा ‘सामान्य निवास’ संपत नाही, अशी तरतूद १९५० च्या कायद्यात आहे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याचे बंधनही मालकावर आहे. म्हणजे नाव यादीत आहे आणि सुटीही आहे; फक्त मतदानकेंद्र तीनशे किलोमीटर दूर आहे. रोजाने नव्हे तर टनावर मजुरी घेणाऱ्यास भरपगारी सुटीचा काय उपयोग, ह्याचे उत्तर कायदा देत नाही. जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०१२ व २०१७ मध्ये फेब्रुवारीत, म्हणजे तोडणी ऐन भरात असताना झाल्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि गाळप सुरू करण्यासाठी शासनाने १५ नोव्हेंबर ही तारीख ठरविली होती. टोळ्यांनी आधी जावे की मत देऊन जावे, हा त्यामुळे मुकादमाच्या मर्जीचा प्रश्न बनला. ज्या निवडणुकीत गावचा रस्ता, पाणी व शाळा ठरते, तिच्याच वेळी हा मतदार उसाच्या फडाशेजारच्या कोपीत असतो. तो जेथे असतो, तेथील आमदारास त्याच्या मताची गरज नसते.

दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडली. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची तीत सोय होती. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना त्याचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी बैठक झाली. परंतु बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली. स्थलांतरित कोणास म्हणावे व दुसऱ्या राज्यातील केंद्रांवर देखरेख कोणी ठेवावी, हे त्यांचे प्रश्न गैरलागू नव्हते. तथापि ऊसतोड कामगाराच्या बाबतीत त्यांतील पहिला प्रश्न तरी अवघड नाही. त्याची ये-जा कारखान्यांच्या दप्तरी नोंदलेली असते.

परदेशस्थ : लातूर व नांदेडच्या शिक्षणसंस्थांतून बाहेर पडलेले वैद्यक, अभियंते व संगणकतज्ज्ञ गेल्या तीन-चार दशकांत युरोप, अमेरिका व आखाती देशांत गेले. कारागीर व मजूरही आखातात गेले. २०१० पर्यंत त्यांना भारतात मताधिकार नव्हता, कारण येथे त्यांचा सामान्य निवास उरत नसे. १९५० च्या कायद्यात त्या वर्षी घातलेले २०-अ हे कलम फेब्रुवारी २०११ पासून अंमलात आले. परदेशाचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयास त्यामुळे पारपत्रावरील भारतातील पत्त्यानुसार नाव नोंदविता येऊ लागले. मत मात्र प्रत्यक्ष येऊनच द्यावे लागते. मुखत्यारामार्फत मतदानाची सोय करणारे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये संमत केले. पण राज्यसभेत ते मांडले गेले नाही व २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते रद्दबातल झाले. सैनिकांना ही सोय २००३ पासून आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सुमारे १.२० लाख परदेशस्थ मतदारांची नोंद होती. त्यांपैकी तीन हजारांहून कमी लोकांनी मत दिले व त्यांतही बहुतेक केरळचे होते. परदेशी नागरिकत्व घेऊन ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ झालेल्यास भारतात मताधिकार नाही.

वास्तव्याच्या देशात स्थिती निरनिराळी असते. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक ह्या नात्याने तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. अमेरिकेत वा आखातात त्यास ही मुभा नाही. त्यामुळे लंडनमध्ये राहणारा लातूरकर तेथील खासदारास मत देतो आणि लातूरचे मत देण्यासाठी मात्र त्यास विमानाचे तिकीट काढावे लागते. फ्रान्सने परदेशस्थ नागरिकांसाठी संसदेत स्वतंत्र अकरा जागा ठेवल्या आहेत. ब्रिटनमध्ये देश सोडल्यावर पंधरा वर्षांनी मताधिकार संपण्याचा नियम होता. तो जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला. हैदराबादच्या मुलकी नियमांतील पंधरा वर्षे आत येणाऱ्यासाठी होती आणि ही बाहेर जाणाऱ्यासाठी. दोन दूरच्या सरकारांना एकच आकडा पुरेसा वाटावा, हे कुतूहलाचे आहे.

उमेदवाराच्या बाबतीत भारतीय कायदा कमालीचा उदार आहे. देशातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला नागरिक सामान्यतः कोठूनही लोकसभेची निवडणूक लढवू शकतो. राज्यसभेसाठी असलेली वास्तव्याची अटही २००३ मध्ये काढण्यात आली. तेलंगणातील पी. व्ही. नरसिंह राव १९८४ व १९८९ मध्ये विदर्भातील रामटेकमधून निवडून आले. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनानंतर हैदराबादेतून काढले गेलेले विद्यार्थी नागपूर विद्यापीठात आले, त्यांत तेही होते. रामटेकच्या मतदारांना त्यांचे मूळ गाव आड आले नाही. त्या मतदारांपैकी जो त्या दिवशी कामासाठी परमुलखात होता, त्यास मात्र मत देता आले नाही.